टोरोंटो महापालिका निवडणूक २०२६: मत कोणाला देता येतं, कागद कोणते लागतात, उमेदवारी कशी भरायची

टोरोंटोत दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी महापालिकेची निवडणूक होते. या वेळी हा दिवस २६ ऑक्टोबर २०२६ आहे, म्हणजे दसरा आणि दिवाळी यांच्या मधला सोमवार. मतदान सकाळी १० ते रात्री ८ पर्यंत. एक महापौर आणि २५ वॉर्डांचे २५ काउन्सिलर (नगरसेवक) निवडायचे असतात.

महाराष्ट्रातून आलेल्यांना दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. मुंबई-पुण्यात नगरसेवक सभागृहात महापौर निवडतात, इथे महापौरासाठी आपण थेट मत देतो. दुसरं म्हणजे इथल्या पालिका निवडणुकीत पक्ष नाही आणि चिन्हही नाही. मतपत्रिका कागदाची, आणि तिच्यावर फक्त नावं. जून २०२३ च्या महापौरपदाच्या पोटनिवडणुकीत, ज्यात ऑलिव्हिया चाऊ निवडून आल्या, त्या कागदावर १०२ नावं होती. म्हणून कोणाला मत द्यायचं ते घरून ठरवूनच निघा, केंद्रावर नावं वाचत बसायला वेळ पुरणार नाही.

आणि निघाच. २०२२ मध्ये इथे मतदान ३० टक्क्यांच्या आसपास झालं होतं. घराचा प्रॉपर्टी टॅक्स, टीटीसीची (शहराच्या वाहतूक सेवेची) बस, कचरा, वाचनालयं, पोरांची पोहण्याची शिकवणी हे सगळं पालिकेच्या हातात असतं. २०१८ मध्ये ओंटारिओच्या प्रांत सरकारने वॉर्ड ४७ वरून २५ वर आणले, त्यामुळे एका काउन्सिलरकडे आता सरासरी एक लाखाहून जास्त लोक येतात. ज्या वस्तीतून मतं येत नाहीत, तिच्या तक्रारी इतक्या गर्दीत सहज मागे पडतात.

मत देण्याची पात्रता

कायद्याच्या अटी चार आहेत. मतदानाच्या दिवशी तुम्ही कॅनडाचे नागरिक हवेत, वय १८ पूर्ण हवं, टोरोंटोशी राहण्याचा किंवा मालमत्तेचा संबंध हवा, आणि कायद्याने तुम्हाला मतदानाला मनाई केलेली नसावी. तुरुंगात शिक्षा भोगत असलेली व्यक्ती या मनाईत येते.

पहिल्या अटीवर आपल्या अनेक घरांत गैरसमज आहे, तो आधी दूर करू. पीआर कार्डावर, म्हणजे नागरिक न होता कायम राहण्याच्या परवान्यावर, मत देता येत नाही. इथे दहा वर्षं राहून टॅक्स भरत असलात तरी नाही. टोरोंटो काउन्सिलने २०१३ मध्ये पीआरधारकांना हा हक्क द्यावा अशी विनंती प्रांताला केली होती, पण कायदा बदलला नाही. सुपर व्हिसावर आलेले आईवडील, वर्क परमिटवाले आणि स्टडी परमिटवाले यांनाही मत नाही. ओसीआय कार्डाचा (भारताने परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना दिलेल्या कार्डाचा) मात्र याच्याशी काहीही संबंध नाही. भारतीय पासपोर्ट सोडून कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय असो वा नसो, तुम्ही मतदार आहात. शपथविधीची तारीख २६ ऑक्टोबरच्या आधीची असेल तर त्या दिवशी तुम्हीही पात्र. शहरात किमान अमुक महिने राहिलेलं असावं अशी अट नाही, सप्टेंबरात घर बदललं तरी चालतं.

एक सावधगिरी. केंद्रावर नागरिकत्वाचा कागद सहसा मागत नाहीत, नाव आणि पत्ता पाहतात. यादीत चुकून पीआरधारकाचं नाव आलेलं असू शकतं, मतदार माहिती कार्डही घरी येऊ शकतं. तरी त्याने हक्क मिळत नाही. पात्र नसताना मत देणं हा गुन्हा आहे, आणि नागरिकत्वाचा अर्ज डोक्यावर असताना हा धोका कोणीही पत्करू नये.

तिसरी अट मात्र बहुतेकांना वाटते त्याहून बरीच मोकळी आहे. टोरोंटोत राहत नसाल, पण तिथे तुमच्या नावावर घर किंवा कॉन्डो असेल, किंवा तुम्ही जागा भाड्याने घेतली असेल, तरी टोरोंटोत मत देता येतं. अशा मालकाच्या किंवा भाडेकरूच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही हा हक्क आहे. आपले किती तरी लोक मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टनला राहतात आणि टोरोंटोतला कॉन्डो भाड्याने देतात. त्यांना आपल्या गावात एक आणि टोरोंटोत एक अशी दोन मतं आहेत, कारण या दोन स्वतंत्र पालिका आहेत. एकाच पालिकेत मात्र मत एकच, मालमत्ता कितीही असो, आणि शहरात राहत असाल तर ते राहत्या घराच्या वॉर्डातच. कॉन्डो कंपनीच्या नावावर घेतला असेल तर त्यावर मत मिळत नाही, कंपनी मतदार नसते.

शिकणाऱ्या मुलांसाठीही अशीच सोय आहे. ओकव्हिलची मुलगी टोरोंटो विद्यापीठाच्या वसतिगृहात राहत असेल आणि तिचं कायमचं घर ओकव्हिलच असेल, तर तिला दोन्हीकडे मत देता येतं.

यादीत नाव

मतदारयादी २०२४ पासून इलेक्शन्स ओंटारिओ ही प्रांतिक संस्था सांभाळते. तिच्या संकेतस्थळावर नाव तपासता येतं, नवीन नोंदवता येतं, पत्ता बदलता येतो. हे उन्हाळ्यातच केलेलं बरं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, लग्नानंतर आडनाव बदललं की नाही, यात कागदोपत्री बरेच घोळ असतात. लायसन्सवर जसं नाव आहे तसंच यादीत आहे ना, ते नीट पाहा. नाव राहून गेलंच तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरही नोंदवता येतं, पण त्यासाठी ओळखपत्र लागतंच आणि रांगेत वेळ जातो.

निवडणुकीआधी घरी मतदार माहिती कार्ड येतं. त्यावर केंद्राचा पत्ता आणि आगाऊ मतदानाचे दिवस असतात. २०२२ मध्ये आगाऊ मतदान ७ ते १४ ऑक्टोबरला झालं होतं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी आगाऊ मतदानाचाच विचार करावा. हे कार्ड सोबत न्या, काम लवकर होतं, पण ते ओळखपत्र नव्हे.

सोबत न्यायचे कागद

तुमचं नाव आणि टोरोंटोतला पात्र पत्ता, दोन्ही एकाच कागदावर असावेत एवढीच मागणी आहे. फोटो लागत नाही. ओंटारिओचं ड्रायव्हर्स लायसन्स असेल आणि त्यावरचा पत्ता ताजा असेल तर दुसरं काही नको. पासपोर्टवर विसंबू नका, त्यातला पत्ता आपण स्वतः हाताने लिहिलेला असतो.

खरी अडचण येते ती बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्यांची. लीज तोंडी, हायड्रोचं, म्हणजे विजेचं, बिल घरमालकाच्या नावावर, लायसन्सवर अजून जुना पत्ता. अशा वेळी बँकेचं किंवा क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट चालतं. नोकरीची पगार पावती किंवा टी-४ (मालकाने दिलेली वर्षाच्या पगाराची टॅक्स स्लिप) चालते. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडून आलेली टॅक्सची नोटीस ऑफ असेसमेंट चालते, गाडीच्या विम्याचा कागद चालतो, कॉलेजची गुणपत्रिकाही चालते. अट तीच, त्यावर सध्याचा पत्ता हवा. म्हणून घर बदललं की त्याच आठवड्यात बँकेत पत्ता बदलून घ्या. स्टेटमेंट ऑनलाइन येत असेल तर त्याची छापील प्रत काढून ठेवा.

मुलाकडे राहणारे, नागरिक झालेले आजी-आजोबा हा दुसरा गट. त्यांच्या नावावर घरातलं एकही बिल नसतं, गाडी ते चालवत नाहीत. त्यांच्याकडे ओल्ड एज सिक्युरिटीचा (सरकारी वृद्ध पेन्शनचा) कागद असतो, तो चालतो. पत्ता असलेलं हेल्थ कार्ड, रुग्णालयाचा कागद किंवा बँकेचं स्टेटमेंटही चालतं. लायसन्स नसलेल्यांना सर्व्हिस ओंटारिओमधून ओंटारिओ फोटो कार्ड काढता येतं, आणि ते इतर दहा कामांना उपयोगी पडतं, तेव्हा काढून द्याच. नाव यादीत असेल आणि हातात एकही कागद नसेल, तर केंद्रावर ओळखीचं प्रतिज्ञापत्र सही करून मत देण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यांना मत न देता घरी परत पाठवू लागले तर नम्रपणे या तरतुदीची आठवण करून द्या. डोळ्यांनी कमी दिसत असेल किंवा इंग्रजी वाचता येत नसेल तर मदतीला सोबत कोणी नेता येतं, त्या व्यक्तीला गुप्ततेची शपथ घ्यावी लागते.

त्या दिवशी कामावर असाल तर मतदानाच्या वेळेत सलग तीन तास मोकळे मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. ड्यूटीमुळे तेवढे मिळत नसतील तर मालकाने सुट्टी द्यायची आणि पगार कापायचा नाही. गावाला, म्हणजे भारतात, गेलेले असाल तर प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा माणूस, नेमता येतो. प्रॉक्सी स्वतः टोरोंटोचा पात्र मतदार हवा, आणि ठरलेला फॉर्म सिटी क्लर्ककडून (निवडणूक घेणाऱ्या पालिका अधिकाऱ्याकडून) प्रमाणित करून घ्यावा लागतो. नात्याबाहेरच्या एकाच माणसासाठी त्याला प्रॉक्सी होता येतं, घरच्यांसाठी मात्र एकाहून अधिक चालतात. फॉर्म भरायला उमेदवारांची यादी पक्की झालेली असावी लागते. दिवाळीच्या आसपासचं तिकीट काढणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवावं.

उभं राहायचं असेल तर

जो मत देऊ शकतो, तो साधारणपणे उभाही राहू शकतो. न्यायाधीशांना मनाई आहे, खासदार-आमदारांना आधी पद सोडावं लागतं, आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांना रजा घ्यावी लागते. अर्ज भरण्याची मुदत १ मे ते २१ ऑगस्ट २०२६, शेवटच्या दिवशी दुपारी २ पर्यंत. अर्ज सिटी क्लर्ककडे द्यायचा. सोबत ओळखपत्र, टोरोंटोच्या २५ पात्र मतदारांच्या पाठिंब्याच्या सह्या, आणि फी: महापौरपदासाठी २०० डॉलर, काउन्सिलरसाठी १०० डॉलर. सह्या आपल्याच वॉर्डातल्या असाव्यात असं नाही, पण नागरिकांच्याच हव्यात. मंडळाच्या कार्यक्रमात गोळा करताना पीआरधारकांच्या सह्या त्यात येऊ देऊ नका आणि पाच-सात जास्तच घ्या.

अर्ज दाखल होण्याआधी प्रचारासाठी एक डॉलरही घ्यायचा नाही, खर्चायचाही नाही. कंपन्या आणि कामगार संघटना देणगी देऊ शकत नाहीत. व्यक्तीने महापौरपदाच्या उमेदवाराला जास्तीत जास्त २,५०० डॉलर आणि काउन्सिलरच्या उमेदवाराला १,२०० डॉलर द्यायचे. रोख रक्कम २५ डॉलरपर्यंतच. देणगीदार ओंटारिओत राहणारा हवा, नागरिक असण्याची अट इथे नाही. म्हणजे पीआरधारक मत देऊ शकत नसला तरी देणगी देऊ शकतो आणि प्रचारात फुकट कामही करू शकतो. पुण्या-नाशिकच्या काकांनी प्रेमाने पाठवलेले पैसे मात्र परत करावे लागतात.

निवडणुकीनंतर प्रत्येक उमेदवाराने, हरलेल्यानेही, पुढच्या मार्चच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. वेळेत दिला की भरलेली फी परत मिळते. उशीर झाला तर ३० दिवसांची सवलत आहे, ५०० डॉलर भरून. तीही चुकली तर निवडून आलेल्याचं पद जातं, आणि हरलेल्याला पुढच्या निवडणुकीत उभं राहता येत नाही.