‘सुटी उना’, पण कसा सुटला?

कोर्टातून कुणीही परत आला की आपल्याकडे पारावर एकच बोल: ‘सुटी उना’, म्हणजे सुटून आला. जामिनावर आला तरी तेच, निकाल लागून आला तरी तेच. जामीन म्हणजे खटला बाकी, एवढं आता शेंबडं पोरही सांगेल. खरा घोळ आहे तो ‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्त’ यांचा. बातम्यांत हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी छापतात. मला त्याची चीड येते, कारण ज्याची उमेदीची वर्षं आत गेली त्याला हा फरक आयुष्यभर पुरतो.

दोषमुक्ती होते आरोप निश्चितीच्या आधी. खटला चालवण्याइतकंही पोलिसांच्या कागदांत काही नाही, असं दिसलं की न्यायाधीश तिथेच सोडतात. एकही साक्षीदार पिंजऱ्यात चढत नाही. निर्दोष मुक्तता होते साक्षी, उलटतपासणी सगळं पार पडल्यावर. आपल्या शेजारच्या मालेगावचेच दोन खटले घ्या. 2006 च्या स्फोटांत आधी पकडलेले लोक 2016 मध्ये दोषमुक्त झाले. 2008 च्या स्फोटातले सात आरोपी पूर्ण खटला चालून जुलै 2025 मध्ये निर्दोष सुटले.

निर्दोष सुटलेल्यावर, तो निकाल कायम आहे तोवर, त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नाही. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 337; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 300. दोषमुक्ती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय. म्हणजे दोषमुक्त माणसाविरुद्ध पुढे पुरावा सापडला, तर ते कलम त्याच्या आड उभं राहत नाही.

भरपाई मात्र दोघांनाही आपोआप मिळत नाही. विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात त्यासाठी कायदा सुचवला. तो झालेला नाही.

चोपड्याकडचा एक केळी-मजूर निर्दोष सुटला, पण नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडला. विचारलं तर म्हणाला, ‘सुटनू ना भाऊ, आते कागद कसाले?’ निकालाची सही-शिक्क्याची नक्कल त्याने काढलीच नव्हती. आता ती प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या घडीत असते. ‘निर्दोष मुक्त’ या ओळीखाली त्याच्या पोरीने पेनाने रेघ मारलीय.