करमत नाही, तेव्हा फोन काय करू शकतो?

दापोलीत पावसाने धरलं की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. कृषी विद्यापीठात शिकायला विदर्भातून आलेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. एक विषय राहिलाय. आधी ती मेसला जायचं टाळते, मग तासाला. घरून फोन आला की "बरी आहे गं आई", एवढंच.

मन खचलं की माणूस खोलीत मिटून बसतो. चार जणांत जाणं टळतं, तसे बरं वाटण्याचे क्षणही टळतात आणि मन आणखी खचतं. मानसोपचारात हे चक्र उलट्या टोकाने फिरवतात: उमेद येण्याची वाट न बघता आधी एखादी छोटीशी कृती करायची. मनःस्वास्थ्यासाठीची चांगली मोबाइल अ‍ॅप हेच करतात. 'आज मैत्रिणीशेजारी बसून जेव', एवढंच काम. त्याआधी मन किती जड होतं आणि नंतर किती, याला दहापैकी गुण द्यायचे. 'मला कशानेच बरं वाटत नाही' असं तिला खात्रीने वाटत असतं. पण आठवडाभराने तिच्याच हातचे आकडे काही वेगळं सांगू शकतात, आणि दुसऱ्या कुणाच्या समजावण्यापेक्षा ते तिला लवकर पटतात.

पुरावा आहे, पण बेताचा. 2017 साली अमेरिकेत 'वोबॉट' या गप्पा मारणाऱ्या अ‍ॅपची 70 तरुणांवर चाचणी झाली. नुसती माहितीपुस्तिका वाचणाऱ्यांपेक्षा अ‍ॅप वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं दोन आठवड्यांत जास्त कमी झाली. मला मात्र 2019 चा एक अभ्यास जास्त अस्वस्थ करतो. मनःस्वास्थ्याची 93 अ‍ॅप तपासली, तेव्हा पंधराव्या दिवशी ती उघडणारे साधारण 4 टक्केच उरले होते. ज्या आजारात उमेदच जाते, त्यात रोज अ‍ॅप उघडायची उमेद कुठून आणायची? म्हणूनच अ‍ॅपच्या जोडीला आठवड्यातून एकदा विचारपूस करणारं माणूस असलं, की गुण जास्त येतो.

नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रसिद्ध चाचणीत शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. तिथे 'हो' आलं, तर पुढचं काम माणसाचंच. त्यासाठी सरकारची 'टेली-मानस' सेवा 2022 पासून आहे: क्रमांक 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. घाटात इंटरनेट वरचेवर जातं, पण हा फोन बटणांच्या साध्या मोबाइलवरूनही लागतो.