गुणसूत्राला धरणारा तुर्कतंतू आणि न धरणारा

पेशीविभाजनात गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात त्या मध्यावस्थेची आकृती काढताना पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं पेशीच्या एका ध्रुवापासून, म्हणजे टोकापासून, दुसऱ्या ध्रुवापर्यंत सरसकट रेघा ओढतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रॅक्टिकलच्या वह्या चाळल्या की हेच दिसतं. या रेघा म्हणजे तुर्कतंतू, विभाजनात गुणसूत्रं वाटून देणारे धागे. पण ते सगळे एकाच कामाचे नसतात. बांधणी मात्र एकच: ट्युब्युलिन प्रथिनाच्या, सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या.

कायनेटोकोर तंतू ध्रुवाकडून निघून गुणसूत्रबिंदूवरच्या (गुणसूत्राच्या आवळलेल्या जागेवरच्या) कायनेटोकोर नावाच्या प्रथिनांच्या पकडीत रुततो. माणसाच्या एका कायनेटोकोरला अशा साधारण १५ ते २० नळ्या जोडलेल्या असतात. पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं दोन ध्रुवांकडे जातात तेव्हा, हा तंतू आखडतो म्हणजे रबरासारखा आकसत नाही. कायनेटोकोरपाशी त्याचं ट्युब्युलिन सुटत जातं आणि झिजणारं टोक न सोडता गुणसूत्र ध्रुवाकडे सरकतं. हे नीट समजून घ्यावं, कारण 'तंतू खेचतो' एवढंच लिहून बहुतेक उत्तरं थांबतात.

ध्रुवीय तंतू गुणसूत्राला धरतच नाही. दोन्ही ध्रुवांकडून आलेले हे तंतू मधोमध एकमेकांवर चढलेले असतात. कायनेसिन प्रथिनं त्यांना विरुद्ध दिशांना सरकवतात, ध्रुव लांब जातात, प्राणिपेशी लांबट होते. वनस्पतीत पुढे याच मधल्या तंतूंच्या आधाराने दोन नव्या पेशींमधलं पेशीपटल उभं राहतं.

कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर यातलं काय दिसतं? तंतू नाहीत. अ‍ॅसिटोकार्मिन गुणसूत्रांना रंगवतं, तुर्कतंतूंना नाही. म्हणून निरीक्षणाच्या आकृतीत ते काढू नयेत. मुळाचं टोकाकडचं २-३ मिलिमीटरच घ्या, त्यावरचा भाग लांबट, न विभागणाऱ्या पेशींचा असतो. पश्चावस्थेतल्या पेशीत गुणसूत्रं इंग्रजी 'व्ही'सारखी वाकलेली दिसतात: बाक ध्रुवाकडे, भुजा मागे. बाक जिथे आहे तिथे कायनेटोकोर तंतू धरून होता. शेजारच्या एखाद्या पेशीत मधोमध फिकट आडवी रेघ दिसली, तर ती ध्रुवीय तंतूंच्या जागी घडणारं पेशीपटल.

बिघाड बहुतेक पहिल्या प्रकारात, म्हणजे कायनेटोकोर तंतूंत, होतो. एकाच कायनेटोकोरला दोन्ही ध्रुवांचे तंतू चिकटले, की ते अर्धगुणसूत्र (गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रतींपैकी एक) मधेच रेंगाळतं. पश्चावस्थेआधी पेशी स्वतःच जोडणी तपासते, पण ही तपासणी फक्त रिकामं कायनेटोकोर ओळखते. इथे ते भरलेलं असल्याने चूक निसटते आणि एखाद्या पेशीत गुणसूत्र कमी-जास्त होऊ शकतं.

खानापूरच्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन नावाचं रसायन असतं. ते ट्युब्युलिनलाच बांधून ठेवतं, त्यामुळे दोन्ही तऱ्हेचे तंतू बनत नाहीत. कोल्चिसिन दिलेल्या मुळात कांद्याची १६ गुणसूत्रं विखुरलेली, मोजायला सोपी मिळतात. पश्चावस्था बघायची असेल, तर मात्र बिनऔषधाचंच मूळ घ्या.