करटोली (फागलां)

करटोली ही काकडीच्या कुळातील, म्हणजे कुकर्बिटेसी कुलातील, बहुवर्षायू रानवेल असून तिचे शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका असे आहे. महाराष्ट्रात तिला कंटोली किंवा कर्टुले असेही म्हणतात. गोव्याच्या बाजारात मात्र मराठी बोलणारेही तिची फळे ‘फागलां’ याच नावाने मागतात. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत ती रानाच्या कडेने, कुंपणांवर आणि जांभ्या जमिनीच्या उतारांवर आढळते. उन्हाळाभर जमिनीखाली सुप्त राहिलेल्या कंदाला जूनच्या पावसात कोंब फुटतात आणि श्रावणाच्या सुमारास, मासळी वर्ज्य असलेल्या घरांत भाजीची ओढ वाढलेली असतानाच, फळे बाजारात येतात.

करटोलीचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. तिच्या ओळखीतला आणि लागवडीतला निम्मा गोंधळ यातून उद्भवतो. पाने हृदयाकृती, अखंड किंवा तीन ते पाच खंडांची असतात आणि तणावे (आधाराला विळखा घालणारे तंतू) बिनफाट्यांचे असतात. नर फुलाच्या अगदी बुडाशी कळीला कवेत घेणारे टोपीसारखे छद (लहान पानासारखा भाग) दिसते. रानकारल्यात ते फुलापासून दूर, देठाच्या मध्यावर किंवा त्याखाली असते. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली मऊ काटेरी इवले फळ आधीपासूनच दिसते. फिकट पिवळी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांचे परागण मुख्यतः पतंगांकडून होते. सह्याद्रीतून 2007 मध्ये वर्णन झालेली मोमॉर्डिका सह्याद्रिका ही हिची जवळची जाती आहे, पण तिची फुले मोठी, भडक पिवळी असून दिवसा उमलतात.

नुसत्या पानांवरून वेल ठरवणे धोक्याचे आहे. त्याच कुंपणावर चढणाऱ्या शिवलिंगीची पाने खोल पाच खंडांची आणि तणावे दुभंगलेले असतात. तिची गुळगुळीत, पांढऱ्या रेषांची फळे पिकल्यावर तांबडी होतात आणि विषारी मानली जातात. चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधले जाणारे तांबडे कवंडळही याच कुळातले. त्याचे पांढरे, झालरीचे फूल पाहिले की शंका उरत नाही.

नर वेलीला फळ धरत नसल्याने तिला वांझ समजून उपटून टाकण्याची चाल आहे. आयुर्वेदातही तिला वंध्याकर्कोटकी हे वेगळे नाव आहे. परंतु परसातील एकुलती नर वेल काढली की मादीची फुले न फळताच गळतात. साधारण आठ ते दहा मादी वेलींमागे एक नर पुरेसा होतो, आणि जवळपास नर नसेल तर दुसरीकडून आणलेले नर फूल संध्याकाळी मादी फुलाच्या कुक्षीवर (पराग धरणाऱ्या टोकावर) हलकेच घासून हाताने परागण करता येते.

बियांपासून लागवड करणे घरगुती बागेला फारसे सोयीचे नाही, कारण कठीण कवचामुळे बी उशिरा आणि अनियमित रुजते, आणि रोप नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा कंदापासून लागवड करावी. मात्र वाळलेल्या वेलीवरून लिंग ओळखता येत नसल्याने फुलांच्या दिवसांतच मादी वेलीच्या बुडाशी खूण करून ठेवावी. मे महिन्याच्या अखेरीस डोळा असलेला कंदाचा भाग शेणखत मिसळलेल्या मातीत लावतात. गोव्याच्या मुसळधार पावसात कंद कुजण्याचा धोका सर्वांत मोठा असल्याने सपाट जागी आळे करण्याऐवजी माती उंच चढवून गादीवाफा करणे श्रेयस्कर. कोंब वीतभर झाले की वेलीला मांडव किंवा जाळी द्यावी. छत्तीसगडमधील रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘इंदिरा कंकोड-१’ हा वाण काढला आहे. पण घरापुरत्या लागवडीसाठी गावच्याच मादी वेलीचा कंद पुरतो. रानातून कंद आणताना मूळ कंदाचा काही भाग जागीच ठेवावा, कारण निवडून मादी वेलीच खणल्या गेल्या तर त्या ठिकाणी फळ न देणारे नर तेवढे शिल्लक राहतात.

फळे हिरवी, बिया कोवळ्या असतानाच तोडावीत. पिकल्यावर ती पिवळी-नारिंगी होऊन उकलतात आणि भाजीच्या कामाची राहत नाहीत. ओल्या खोबऱ्याची भाजी आणि रवा लावून तळलेली कापे हे गोव्यातील त्यांचे नेहमीचे प्रकार. फळमाशीने डंख केलेली फळे वेलीखाली पडू न देता नष्ट करावी लागतात. पावसाळा सरल्यावर वेल वाळते, तेव्हा पाणी पूर्ण बंद करून कंद जमिनीतच पालापाचोळ्याखाली राहू द्यावा.