बीआरएनएसचा हप्ता आला, मग आयसोटोप का येत नाही?

दरवर्षी एक तरी फोन असा येतोच. "सर, प्रकल्प मंजूर झाला, पहिला हप्ताही जमा झाला, पण आयसोटोपची ऑर्डर कुणी घेत नाही." मी एवढंच विचारतो, तुमचा आरएसओ कोण? यावर बहुतेक वेळा उलटा प्रश्न येतो, "म्हणजे?"

घोळ इथेच आहे. पैसा देते बीआरएनएस, म्हणजे अणुऊर्जा विभागाचं अणुविज्ञान संशोधन मंडळ. आयसोटोप, म्हणजे इथे किरणोत्सारी पदार्थ, हाताळायची परवानगी देते एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. आणि माल बहुधा येतो वाशीच्या ब्रिटकडून, म्हणजे आयसोटोप पुरवणाऱ्या विभागाच्याच संस्थेकडून. तिन्हींचं मूळ अणुऊर्जेतच, म्हणून लोकांना वाटतं की एकीकडे मंजुरी मिळाली की उरलेल्यांना आपोआप कळत असेल. तसं काही होत नाही. तीन ठिकाणी तीन वेगळे अर्ज करावे लागतात.

पात्रता थोडक्यात सांगतो. मुख्य संशोधक मान्यताप्राप्त विद्यापीठात, महाविद्यालयात किंवा संशोधन संस्थेत नियमित पदावर हवा. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी आशेवर अर्ज भरू नये, कितीही अन्यायाचं वाटलं तरी. निवृत्तीला दोन वर्षं उरली असतील आणि प्रकल्प तीन वर्षांचा असेल, तर पुढे जबाबदारी घेणारा सहसंशोधक आधीच दाखवा. अणुऊर्जा विभागातला सहकारी शास्त्रज्ञ लागतो, तो ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचाच असला पाहिजे असं नाही. कल्पाक्कम, इंदूर, कोलकाता इथेही विभागाच्या संस्था आहेत. त्याची संमती प्रस्ताव लिहायच्या आधी घ्या. सही मागायला शेवटच्या आठवड्यात मेल टाकणाऱ्यांना उत्तर येत नाही, आणि येऊही नये.

आता आरएसओ. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे संस्थेतल्या किरणोत्सार-सुरक्षेची जबाबदारी असलेला अधिकारी. त्याच्या मान्यतेचा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो. एखाद्या प्राध्यापकाने कधीतरी कोर्स केलेला असतो, प्रमाणपत्र फायलीत असतं, आणि कॉलेज म्हणतं, "आमच्याकडे आरएसओ आहे." नाही. ते पात्रतेचं प्रमाणपत्र झालं. संस्थेने त्या व्यक्तीचं नाव एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना प्रणालीवर सुचवायचं, मंडळाने त्या संस्थेपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती मान्यता द्यायची, तेव्हा तो आरएसओ. माणूस दुसऱ्या कॉलेजात गेला की इथली मान्यता संपली. तिकडे पुन्हा नव्याने.

ई-लोरावर नोंदणी संस्थेच्या नावाने होते आणि 'एम्प्लॉयर' म्हणून संस्थाप्रमुखाचं नाव लागतं. आमच्याकडच्या निम्म्या कॉलेजांत प्राचार्य 'प्रभारी'. जूनमध्ये एक, दिवाळीनंतर दुसरे. नोंदणी जुन्या सरांच्या नावावर, मोबाइल त्यांचा, ओटीपी त्यांच्याकडे, आणि ते निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला. प्राचार्य बदलले की त्याच आठवड्यात नाव बदलून घ्या.

म्हणून माझं सांगणं एकच: प्रस्ताव बीआरएनएसकडे पाठवाल त्याच दिवशी ई-लोराचं कामही सुरू करा. मंजुरीची वाट बघू नका. फॉस्फरस-३२ या आयसोटोपचं अर्धायुष्य १४.३ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या दिवसांत त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. कागदपत्रं अपुरी म्हणून माल सहा आठवडे पडून राहिला, तर हातात आठवा हिस्सा उरतो. सरकारी फायलीला अर्धायुष्य नसतं.

एईआरबीला प्रयोगशाळेचा नकाशाही द्यावा लागतो, आणि इथे लाकडी टेबलं आडवी येतात. उघड्या द्रवरूप आयसोटोपसाठी पृष्ठभाग न शोषणारा, भेगा नसलेला लागतो. घरगुती परीक्षा सांगतो: टेबलावर शाईचा थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा. डाग राहिला, तर आधी टेबल बदला. बेसिन स्वतंत्र हवं, नळ कोपराने उघडणारा असला तर उत्तम.

अंदाजपत्रकातली एक चूक तर परीक्षकाला लगेच दिसते. फॉस्फरस-३२ साठी शिशाच्या विटा मागितलेल्या असतात. त्याचे बीटा कण जोरदार, थेट शिशावर आदळले की क्ष-किरण तयार होतात. पुढे साधारण एक सेंटिमीटर जाडीचं पर्स्पेक्स, म्हणजे पारदर्शक ॲक्रिलिक, लागतं, शिसं लागलंच तर त्याच्या मागे. असा प्रस्ताव पाहिला की समितीला कळतं, यांनी हे काम कधी केलेलं नाही. टीएलडी बॅजचंही, म्हणजे अंगावरच्या किरणोत्सार मोजणाऱ्या बिल्ल्याचंही, तसंच. ट्रिटियम आणि कार्बन-१४ चे बीटा कण इतके दुबळे की बॅजवर त्यांची नोंदच होत नाही, म्हणून 'बॅज लावू' एवढं लिहून सुरक्षेचा मुद्दा संपत नाही. आणि बॅचसोबत येणारा, तुलनेसाठीचा कंट्रोल बॅज आयसोटोपच्या खोलीत टांगू नका. तो बाहेर ठेवायचा असतो.

जेआरएफच्या, म्हणजे प्रकल्पावरच्या ज्युनिअर रिसर्च फेलोच्या, रकान्यात ३७,००० रुपये सगळे लिहितात, घरभाडे भत्ता विसरतात. मग तो मुलगा ऑफिसात खेटे घालत बसतो.

मागणी नोंदवताना रेफरन्स डेट, म्हणजे मालाची किरणोत्सारिता ज्या तारखेची म्हणून सांगितलेली असते ती, आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर शेजारी ठेवा. एका कॉलेजात शुक्रवारी संध्याकाळी पार्सल आलं. पिवळं लेबल, तीन पात्यांची खूण. शिपायाने घाबरून ते सायकल स्टँडजवळ भिंतीला टेकवून ठेवलं आणि शनिवार-रविवार तिथेच राहिलं. त्याची काय चूक? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पार्सल कोण घेणार, कुठे ठेवणार, कुलपाची किल्ली कुणाकडे, हे गेटवर मराठीत लिहून लावा. माल मिळाल्याची नोंद ई-लोरावर करायची राहू देऊ नका, पुढची परवानगी त्यावर अडते.

शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कुठे खर्च झालं त्याचा जीएफआर १२-ए हा सरकारी नमुना. इथे 'वर्ष' म्हणजे आर्थिक वर्ष. पैसे जानेवारीत आले तरी पहिला हिशेब त्याच ३१ मार्चचा. "आमचं वर्ष पुढच्या जानेवारीत संपतं" म्हणणाऱ्यांचा दुसरा हप्ता अडकतो. खर्च शून्य असला तरी शून्य लिहून पाठवा. खात्यावर पडलेलं व्याज दाखवा, ते तुमचं नाही.

शेवटची ऑर्डर प्रकल्पाच्या शेवटच्या महिन्यात देऊ नका. फॉस्फरस-३२ चा कचरा दहा अर्धायुष्यं सांभाळायचा म्हटला तरी १४३ दिवस होतात. तोवर जेआरएफ दुसरीकडे रुजू झालेला असतो, आणि नोंदवहीत सही करायला आरएसओ एकटाच उरतो.