स्क्वेअर डील

स्क्वेअर डील : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सव्विसावे राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट (कार. १९०१–०९) यांचे अंतर्गत सुधारणांचे धोरण; ‘स्क्वेअर डील’ म्हणजे न्याय्य वागणूक. भांडवलदार, कामगार आणि सर्वसामान्य ग्राहक यांपैकी कोणाचीही बाजू आधीच न घेता प्रत्येकाला न्याय्य वागणूक मिळते की नाही हे शासनाने पाहावे आणि त्यासाठी राष्ट्राध्यक्षाने स्वतः पुढाकार घ्यावा, अशी त्याची भूमिका होती. पाठ्यपुस्तकांत निसर्गसंपत्तीचे रक्षण, मोठ्या कंपन्यांवर नियंत्रण व ग्राहकसंरक्षण अशी त्याची त्रिविध मांडणी आढळते. ती सोयीची असली, तरी उत्तरकालीन आहे आणि तीत कामगारांचा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः या धोरणाचा उगम त्याच प्रश्नात शोधावा लागतो.

धोरणाच्या प्रारंभाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक डिसेंबर १९०१ मध्ये रूझवेल्ट यांनी काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) पाठविलेल्या पहिल्या वार्षिक संदेशापासून त्याची सुरुवात धरतात, कारण ट्रस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवाढव्य कंपन्यांवर देखरेखीची मागणी त्यात आहे. परंतु त्या संदेशाची भाषा सावध आहे. दुसरे मत १९०३ मधील स्प्रिंगफील्ड (इलिनॉय) येथील भाषणाला महत्त्व देते. लिंकन यांच्या समाधीपाशी पहाऱ्यावर असलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचा उल्लेख करून, देशासाठी रक्त सांडण्याची ज्याची योग्यता आहे त्याला पुढे न्याय्य वागणूक (‘स्क्वेअर डील’) मिळालीच पाहिजे, तीहून अधिकावर कोणाचा हक्क नाही आणि तीहून कमी कोणाला मिळता कामा नये, असे रूझवेल्ट तेथे म्हणाले. या भाषणाची तारीख काही संदर्भग्रंथांत ४ जुलै अशी दिलेली असते; तथापि स्प्रिंगफील्डची भेट त्यांच्या पश्चिमेकडील दीर्घ दौऱ्याच्या परतीच्या टप्प्यातील असून तो दौरा जूनच्या पहिल्या आठवड्यात आटोपला होता, त्यामुळे ४ जून हीच तारीख अधिक ग्राह्य वाटते. तिसऱ्या मतानुसार १९०२ चा कोळसा संप हा खरा प्रारंभ होय. प्रत्यक्ष कृतीचा विचार करता हेच मत स्वीकारणे उचित ठरेल.

पूर्व पेनसिल्व्हेनियातील अँथ्रासाइट कोळशाच्या खाणींत मे १९०२ मध्ये सु. १,४०,००० कामगार संपावर गेले. २० टक्के वेतनवाढ, आठ तासांचा दिवस आणि संघटनेला मान्यता या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. युनायटेड माइन वर्कर्स या संघटनेचे अध्यक्ष जॉन मिचेल चर्चेस तयार होते. मालकांच्या वतीने बोलणारे जॉर्ज बेअर मात्र तिला मुळीच तयार नव्हते. ईश्वराने ज्यांच्या हाती देशाची मालमत्ता सोपविली आहे तेच कामगारांचे हित पाहतील, अशा आशयाचे त्यांचे पत्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्यावर लोकमत मालकांच्या विरुद्ध गेले. पूर्वेकडील शहरांत घरे तापविण्यासाठी मुख्यतः हाच कोळसा लागे, आणि हिवाळा तोंडावर आला होता.

३ ऑक्टोबर १९०२ रोजी रूझवेल्ट यांनी दोन्ही पक्षांना वॉशिंग्टनमध्ये बोलाविले. व्हाइट हाउसची दुरुस्ती चालू असल्याने बैठक समोरच्या चौकातील एका तात्पुरत्या निवासात झाली आणि महिन्याभरापूर्वी घोडागाडीच्या अपघातात पायाला इजा झाल्याने राष्ट्राध्यक्ष चाकांच्या खुर्चीत बसून होते. मिचेल यांनी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाचा निर्णय मान्य करण्याची तयारी दाखविली. मालकांनी मिचेल यांच्याशी बोलण्यासही नकार दिला. १८९४ च्या रेल्वे कामगारांच्या पुलमन संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी संप मोडण्यासाठी सैन्य धाडले होते. येथे राष्ट्राध्यक्ष प्रथमच दोन पक्षांमधील त्रयस्थ म्हणून पुढे आला आणि कामगारांच्या प्रतिनिधीला मालकांच्या बरोबरीने बसविले गेले, हा या बैठकीचा खरा अर्थ होय.

पुढील घटनांविषयी मात्र विवाद आहे. तडजोड न झाल्यास निवृत्त सेनानी जॉन स्कोफील्ड यांच्या हाताखाली सैन्य पाठवून खाणी ताब्यात घ्यायच्या आणि शासनानेच त्या चालवायच्या, अशी योजना आपण आखली होती, असे रूझवेल्ट यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. या धमकीमुळे मालक नमले, असे जुने चरित्रकार मानतात. उलट, ही योजना मालकांपर्यंत कितपत पोहोचली होती आणि तिला घटनात्मक आधार कोणता होता, याविषयी नंतरच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. आत्मचरित्र घटनेनंतर सु. दहा वर्षांनी आणि १९१२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील पराभवानंतर लिहिलेले असल्याने त्यातील वृत्तान्त जपून वापरणे इष्ट. युद्धमंत्री इलिह्यू रूट यांनी ११ ऑक्टोबरला बँकर जे. पी. मॉर्गन यांची न्यूयॉर्क येथे त्यांच्या नौकेवर भेट घेतली आणि आयोगाचा मसुदा तेथे तयार झाला, एवढे निश्चित आहे. आयोगावर कोणत्या वर्गांतील व्यक्ती असाव्यात हे मालकांनी ठरवून दिले होते. त्यांत कामगार प्रतिनिधीला जागा नव्हती, मात्र एक ‘ख्यातनाम समाजशास्त्रज्ञ’ चालणार होता. रूझवेल्ट यांनी त्या जागेवर रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचे प्रमुख ई. ई. क्लार्क यांना नेमले आणि मालकांनी ते मान्य केले. मार्च १९०३ च्या निवाड्याने १० टक्के वेतनवाढ, बहुतेकांना नऊ तासांचा दिवस आणि तंटे मिटविण्यासाठी सहा सदस्यांचे मंडळ दिले. संघटनेला औपचारिक मान्यता दिली नाही.

कंपन्यांच्या बाबतीत रूझवेल्ट यांनी मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याखाली (१८९०) नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे कंपनीविरुद्ध खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९०४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तिचे विसर्जन मान्य केले. त्यांच्या कारकीर्दीत असे चाळीसहून अधिक खटले झाले, तरी मोठी कंपनी म्हणजे वाईट कंपनी असे ते मानत नसत. त्यांचा भर विसर्जनापेक्षा देखरेखीवर होता. १९०३ चा व्यापार व मजूर विभाग आणि रेल्वेचे कमाल दर ठरविण्याचा अधिकार आंतरराज्य वाणिज्य आयोगाला देणारा १९०६ चा हेपबर्न कायदा ही त्याची उदाहरणे होत. उत्तरकाळात त्यांनी वारसा व प्राप्तीवर चढत्या दराने कर बसविण्याचीही शिफारस केली. त्यांपैकी प्राप्तीवरील कर घटनेच्या सोळाव्या दुरुस्तीने (१९१३) शक्य झाला. या कराचे एक प्रमुख पुरस्कर्ते कोलंबिया विद्यापीठातील एडविन सेलिग्मन हे होते; त्याच वर्षी तेथे दाखल झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ते अध्यापक.

३० जून १९०६ रोजी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे संमत झाले. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांची स्थिती उघड केली होती. रूझवेल्ट यांनी स्वतंत्र चौकशी करविली आणि तिच्या अहवालाचा काँग्रेसवर दबाव आणण्यासाठी उपयोग केला. अंतिम कायद्यात तपासणीचा खर्च कंपन्यांऐवजी शासनाने उचलावा असे ठरले आणि डब्यांवर तारीख छापण्याची सक्ती वगळली गेली. इतिहासकार गेब्रिएल कोल्को यांनी याच तपशिलावर बोट ठेवून, अशा सुधारणा प्रत्यक्षात बड्या उद्योगांच्या सोयीच्या होत्या, असे प्रतिपादन केले. परदेशी बाजारपेठेसाठी सरकारी शिक्का मांस कंपन्यांना हवा होता, हे खरे. परंतु मूळ विधेयकाला त्यांनी केलेला तीव्र विरोध या मतात पुरेसा विचारात घेतलेला दिसत नाही.

वनसंरक्षणात शासनाच्या वनसेवेचे प्रमुख गिफर्ड पिंशो यांच्या साहाय्याने सु. २३ कोटी एकर जमीन सार्वजनिक संरक्षणाखाली आली.

वर्णभेदाच्या प्रश्नावर हे धोरण सपशेल अपुरे ठरले. स्प्रिंगफील्डच्या भाषणानंतर अवघ्या तीन वर्षांनी, ब्राउन्सव्हिल (टेक्सस) येथील गोळीबाराच्या आरोपावरून, कोणतीही न्यायालयीन चौकशी न होता रूझवेल्ट यांनी पंचविसाव्या पायदळ पलटणीतील १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना बडतर्फ केले. त्यांत अनेक वर्षे सेवा केलेले सैनिक होते आणि त्यांची निवृत्तिवेतने बुडाली. हा निर्णय १९७२ मध्ये लष्कराने रद्द केला. तोवर त्यांतील बहुतेक सैनिक मृत्यू पावले होते.