जपानमधलं राइडशेअर आणि टिपेचा प्रश्न: पार्श्वभूमी

जपानमध्ये टॅक्सीवाल्याला टीप देत नाहीत, हे तिकडे जाणाऱ्याला कोणी ना कोणी सांगतंच. राइडशेअरच्या, म्हणजे अ‍ॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीतून प्रवासी नेण्याच्या बाबतीत मात्र टीप हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. सेवा कायदेशीर की बेकायदा, याचा फैसलाच काही काळ टिपेवर अडला होता.

एके काळी तिथेही टीप होती. मेइजी काळात (1868 ते 1912) सरायांत उतरणारा प्रवासी भाड्याशिवाय 'चादाई', म्हणजे वरची रक्कम, देई. ती रक्कम पाहून खोली आणि वागणूक ठरू लागली, तेव्हा प्रथा बंद करण्याची चळवळ उभी राहिली. पारंपरिक सरायांत पाकिटातून दिली जाणारी आभाराची रक्कम, 'कोकोरोझुके', उरली. टॅक्सीत फार तर 'सुटे राहू द्या'.

खरा पेच 1951 च्या मार्ग परिवहन कायद्याचा. खासगी गाडीतून परवानगी वा नोंदणीशिवाय मोबदला घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. आपल्याकडे टॅक्सीला पिवळी पाटी, तशी तिथे हिरवी. पांढऱ्या, म्हणजे खासगी गाडीच्या, पाटीवर धंदा करणारी ती 'शिरोताकू', म्हणजे बेकायदा. मग मोबदला कशाला म्हणायचं? 2015 मध्ये फुकुओकातल्या एका प्रयोगात प्रवाशाला काहीच द्यावं लागत नव्हतं, चालकाला पैसे कंपनी देत होती. तरी परिवहन खात्याने तो थांबवला. दुसरीकडे खात्याच्याच परिपत्रकांत एक फट होती: प्रवाशाने आपणहून, आभारापोटी काही दिलं तर तो मोबदला नाही. घरच्या शेतातली भाजी दिली तरी चालेल, असं उदाहरणही दिलेलं. याच फटीतून तोक्योतलं एक अ‍ॅप शिरलं. प्रवाशाने इंधन व टोलचा खर्च आणि अ‍ॅपचं शुल्क द्यायचं, चालकाला काय द्यायचं ते ऐच्छिक. टीप न देणाऱ्या देशात एक अख्खी सेवा टिपेवर उभी राहिली!

टॅक्सी व्यवसायाने याला आडून घेतलेलं भाडं म्हटलं आणि तो आक्षेप पोकळ नव्हता. 2018 च्या परिपत्रकाने रेषा ठळक केली: पैसे मागितलेले नसावेत, आधी ठरलेले नसावेत, दरपत्रक तर मुळीच नसावं. 2024 च्या मार्चमधल्या मार्गदर्शक सूचनांनी मध्यस्थ अ‍ॅपलाही टिपेसाठी भरीला घालायला मज्जाव केला. रेषा योग्यच आहे, पण तिची झळ शहरापेक्षा टॅक्सी नसलेल्या गावांना अधिक. तिथे म्हाताऱ्या शेजाऱ्याला दवाखान्यात नेणारा माणूस आभाराचे पैसे घेतानाही बिचकतो. क्योतो प्रांतातल्या क्योतांगोने 2016 मध्ये वेगळी वाट धरली: रीतसर नोंदणी आणि ठरलेलं भाडं.

एप्रिल 2024 पासून तोक्यो, क्योतोसारख्या शहरांत टॅक्सी कंपन्यांच्या देखरेखीखाली 'जपानी राइडशेअर' सुरू झालं. भाडं आधीच ठरतं, पैसे साधारणपणे अ‍ॅपमधून जातात, चालकाचं वेतन कंपनी पाहते. इथे प्रवाशाने टीप दिली नाही म्हणून कोणाचं अडत नाही.